सोशल स्टोरी कुठून आली?

स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालेल्या मुलांच्या पालकांकडे हल्ली बहुधा एक चित्रांचा कागद असतो. ‘मी रांगेत उभा राहतो. मी ओरडत नाही.’ ही सोशल स्टोरी. ‘डॉक्टर, रोज वाचून दाखवतो, तरी ऐकत नाही’ अशी तक्रारही असते. ही पद्धत कशी सुरू झाली ते पाहिलं, तर या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

१९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हापासून ऑटिझमची वेगळी ओळख झाली. पुढची वर्षं आयांसाठी फार वाईट गेली. आई मायाळू नाही म्हणून मूल असं झालं, असं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांचं १९६७ चं गाजलेलं पुस्तक याच विचाराचं. खरं तर १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने याचं मूळ शारीरिक आहे, आईच्या वागण्यात नाही, हे मांडलं होतं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. (घरात अजूनही सुनेला दोष देणारं कोणी असेल, तर त्यांना हे जरूर वाचायला द्या.)

मग वागणूक सुधारण्याचे कार्यक्रम आले. त्यांत मुलाने काय करायचं ते मोठे ठरवत.

१९९० च्या आसपास मिशिगन राज्यात जेनिसन इथल्या शाळांमध्ये कॅरल ग्रे ऑटिस्टिक विद्यार्थ्यांसाठी सल्लागार होत्या. बालवर्गातल्या एका मुलाला व्यायामाच्या तासाचा एक खेळ काही केल्या जमत नव्हता. ग्रे बाईंनी तो खेळ त्याच्या जागेवरून पाहिला, आणि मुलगा हट्टी नाही हे त्यांच्या लक्षात आलं. इतरांना न सांगता उमगलेली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्यांनी ती सोप्या वाक्यांत लिहून त्याला दिली. १९९३ मध्ये जॉय गॅरंड यांच्यासोबत त्यांनी या पद्धतीवर लेख लिहिला आणि ती जगभर गेली.

ग्रे यांनी गोष्ट लिहिण्याचे नियमही घातले. काय होतं, का होतं, इतरांना काय वाटतं, हे सांगणारी वाक्यं जास्त. ‘असं कर’ सांगणारं वाक्य अगदी मोजकं, हवंच असेल तर. शिवाय निम्म्या गोष्टी मुलाला आधीच छान जमणाऱ्या कामाच्या असाव्यात. हा नियम तर बहुतेकांच्या गावीही नसतो!

आता वरचा रांगेचा कागद पुन्हा वाचा. त्यात रांग का असते हे कुठे आहे? दोन्ही वाक्यं हुकूमच आहेत. कुकरच्या शिट्टीला घाबरणाऱ्या मुलासाठी अशी गोष्ट लिहिता येईल: ‘आई कुकरमध्ये भात लावते. आत वाफ साठते. वाफ जास्त झाली की ती बाहेर पडते, तेव्हा शिट्टी वाजते. आवाज मोठा असतो. थोड्या वेळाने तो थांबतो. मी कान झाकू शकतो किंवा दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो.’ मूल शांत असताना वाचा, शिट्टी वाजत असताना नाही.

याचा उपयोग किती? संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. इंग्लंडमधल्या शाळांत झालेली एक मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांच्या एकूण सामाजिक वागण्यात ठळक फरक दिसला नाही. मात्र प्रत्येक मुलासाठी ठरवलेलं छोटं उद्दिष्ट गाठण्यात थोडी मदत झाली. त्यामुळे ‘मूल मिसळायला लागावं’ यासाठी गोष्ट लिहू नका. केस कापणं, लसीची सुई, शाळेची बदललेली बस असा एकच प्रसंग घ्या, आणि लिहिण्याआधी तो मुलाच्या उंचीवर बसून एकदा पाहा.