कोणत्या परीक्षेला बसावे? डहाणू-तलासरीतून पाहिलेला एक जुना प्रश्न

कॉलेजच्या दारावर कोणती परीक्षा उभी करावयाची, हा वाद आज वर्तमानपत्रांतून गाजत असला तरी तो नवा नव्हे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन १८५९ साली झाली. रानडे आणि भांडारकर त्याच परीक्षेतून पुढे गेले. शतकाच्या अखेरीस 'स्कूल फायनल' नावाची दुसरी परीक्षा निघाली. ज्याला कॉलेजात जावयाचे त्याने मॅट्रिक द्यावी, ज्याला सरकारी कचेरीत चिकटावयाचे त्याने स्कूल फायनल द्यावी, असा तो हिशेब होता. खेड्यातल्या मुलापुढे तर तिसरीच परीक्षा असे : मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. ती उतरली की शाळामास्तर, नाहीतर तलाठी. मुलाने परीक्षा निवडली असे आपण म्हणतो खरे. पण गावात शाळा कोणती आहे, यावरच ती निवड बहुधा आधी होऊन गेलेली असे.

डहाणू तालुक्यात हे लख्ख दिसते. समुद्रकाठच्या बोर्डीला १९२० साली हायस्कूल निघाले आणि किनाऱ्यावरच्या मुलांना मॅट्रिकची वाट मिळाली. तेथून काही मैल आत गेले की गोष्ट निराळी होती. तेथील वारली बाप लग्नापुरते कर्ज काढी आणि 'लग्नगडी' होऊन सावकाराच्या शेतावर राबत राही. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. त्याच १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, असे अनुताई वाघांनी तेथे ठरविले. जेथे शाळेलाच मुलांमागे कुरणात जावे लागले, तेथे मॅट्रिकची गोष्ट कोण काढणार?

याच पाड्यांतली मुले आश्रमशाळांतून विज्ञान शाखेच्या बारावीपर्यंत पोहोचू लागली, तोवर दारावरची परीक्षा मात्र वारंवार बदलू लागली होती. देशभरची पहिली 'नीट' ५ मे २०१३ रोजी झाली. १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची सीईटी पुन्हा आली, तर इंजिनिअरिंगसाठी महाराष्ट्राने २०१४ व २०१५ ही दोन वर्षे केंद्राची 'जेईई मेन' धरली आणि २०१६ साली पुन्हा राज्याच्या सीईटीकडे मोहरा वळविला. तो गोंधळ निस्तरतो न निस्तरतो तोच ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने आपला जुना निकाल मागे घेतला, आणि २८ एप्रिलला नीट त्याच वर्षापासून घेण्याचा आदेश दिला. पहिला टप्पा होता १ मे रोजी, म्हणजे तिसऱ्या दिवशी! राज्याची सीईटी ५ मेला ठरलेलीच होती. मुले तिला बसली ती हिचा डॉक्टरकीला उपयोग होणार की नाही हे ठाऊक नसताना. मे महिन्याच्या अखेरीस अध्यादेश निघाला आणि राज्याच्या जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवर राहिल्या.

एका परीक्षेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. खाजगी महाविद्यालयांनी आपापल्या परीक्षा घ्याव्यात, प्रत्येकीची फी भरावी, प्रत्येकीसाठी प्रवास करावा, आणि शेवटी देणगीची थैली पुढे करणाऱ्याने जागा न्यावी, ही रीत गरिबाच्या हिताची खासच नव्हती. परंतु परीक्षा म्हणजे केवळ प्रश्नपत्रिका नव्हे. तिच्यामागे एक पाठ्यपुस्तक उभे असते. २०१६ ची सीईटी राज्याच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर होती आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापीत नव्हती. नीट अकरावी-बारावी दोन्ही धरते, केंद्राच्या पुस्तकांच्या अंगाने विचारते, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा करते. मुंबईच्या मुलाने हे शिकवणीच्या वर्गात दोन वर्षे आधी गिरविलेले असते. तलासरी गावात रेल्वेसुद्धा नाही. शिकवणीला जावयाचे तर आधी रस्त्याने स्टेशन गाठावे लागते.

भाषेचे आणखी वेगळेच. २०१६ ची नीट इंग्रजी आणि हिंदीत होती, मराठी प्रश्नपत्रिका २०१७ साली मिळाली. बरे झाले, पण अकरावीचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच शिकविले जाते. घरी वारली बोलणारे, शाळेत दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल दोन वर्षांत इंग्रजी संज्ञा पाठ करते. परीक्षेच्या दिवशी त्याच संज्ञा मराठीत वाचणे त्याला सोपे जाईल, की अधिक अवघड?

आता वैद्यकीयला नीट, राज्यातील इंजिनिअरिंगला मुख्यतः सीईटी, आयआयटीला जेईई अशी वाटणी बसली आहे. सीईटीत आता थोडी अकरावीही येते. दहावीचा निकाल लागला की पुढच्या काही आठवड्यांत मुलाला यांतली वाट धरावी लागते. आणि सल्ला विचारावयाचा तर पुष्कळ पाड्यांत अजूनही या परीक्षांपैकी एकीलाही कोणी बसलेले नसते.