दोन मतांचा मतदारसंघ : भंडारा, १९५४

लोकसभेची निवडणूक होऊन वर्ष-दोन वर्षे लोटली की गावोगावच्या पारावर एक प्रश्न ऐकू येऊ लागतो : आपला माणूस दिल्लीत आपल्याविषयी काही बोलला का? प्रश्न रास्त आहे. ज्याला आपण मत दिले त्याच्या तोंडून आपल्या तळ्याचे, आपल्या धानाचे, आपल्या रेल्वेचे नाव निघावे, असे कोणाला वाटणार नाही? परंतु या प्रश्नाच्या पाठीशी दुसरा एक प्रश्न उभा असतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. देशाचा प्रश्न आणि जिल्ह्याचा प्रश्न हे खरोखरच दोन वेगळे प्रश्न आहेत काय? १७७४ साली एडमंड बर्क याने ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितले होते की, पार्लमेंट म्हणजे गावोगावच्या मुखत्यारांची बैठक नव्हे, ती साऱ्या राष्ट्राची सभा आहे. ब्रिस्टलकरांनी ते ऐकून घेतले. पण सहा वर्षांनी त्याच शहरात बर्कला निवडणुकीतून माघार घ्यावी लागली.

आम्हांला मात्र ब्रिस्टलला जाण्याचे कारण नाही. हाच प्रश्न वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात, १९५४ साली उभा राहिला होता.

त्याची सुरुवात झाली विडीपासून. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा मध्यप्रदेश राज्यातील द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे हे लोकसभेत गेले. पण जसानी हे विड्या तयार करणाऱ्या एका पेढीचे भागीदार होते आणि त्या पेढीच्या विड्या लष्कराच्या कँटीनमधून जवानांना विकल्या जात असत. सरकारला माल पुरविण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे त्याला संसदेचे सभासद होता येत नाही, असा निर्बंध लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यात होता. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणापुढे व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. करार राज्यघटनेने सांगितलेल्या रीतसर स्वरूपात झालेलाच नव्हता, असा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. कागद रीतसर नसला तरी हितसंबंध खरा आहे, आणि सभासदाचे कर्तव्य व त्याचा व्यापार यांची ओढाताण होऊ नये म्हणून तर हा निर्बंध आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

त्याच खटल्यात दुसरा एक मुद्दा होता आणि आमच्या मते तो अधिक मोलाचा. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते महानुभाव पंथाचे अनुयायी झाले असल्यामुळे आता महार राहिले नाहीत, असे म्हणून अधिकाऱ्याने तो अर्ज फेटाळला. चक्रधरांचा पंथ जातिभेद मानीत नाही, मग तो स्वीकारणाऱ्याची जात उरते की जाते? सातशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न दिल्लीच्या न्यायासनासमोर जाऊन उभा राहिला! निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूरच्या उच्च न्यायालयातून गेलेले. त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या : जुनी जात त्या माणसाला आपला मानते का, त्याचा स्वतःचा हेतू काय, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. ठवरे महारच राहिले आहेत, त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, असे ठरले. फेब्रुवारी १९५४ मध्ये संपूर्ण निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागा मोकळ्या झाल्या.

या दोन जागांसाठी जे दोन उमेदवार एकमेकांच्या जोडीने उभे राहिले त्यांपैकी कोणीही भंडाऱ्याचा नव्हता. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. ही जोडी नवी नव्हती. १९५२ साली मुंबई शहर उत्तर या मतदारसंघात हे दोघे असेच बरोबर लढले होते आणि बरोबरच पडले होते. नारायण काजरोळकरांनी आंबेडकरांचा चौदा हजारांवर मतांनी पराभव केला, आणि त्या निवडणुकीत ७४,३३३ मते बाद ठरली होती.

एवढी मते बाद कशी होतात, हे समजून घेतल्यावाचून भंडाऱ्याचा निकाल समजत नाही. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह असे. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, पण त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई, दुसरी बाद. यातून एक युक्ती निघाली. आपल्या उमेदवाराला एक मत द्यावयाचे आणि दुसरे कोणाच्याही कामी येऊ द्यावयाचे नाही. याला लोक मत कुजविणे म्हणत. शब्द मोठा नेमका आहे. धान्य कोठारात कुजावे तसे मत पेटीत कुजते. मुंबईच्या निवडणुकीनंतर आंबेडकर आणि मेहता यांनी मिळून जी तक्रार गुदरली तिच्या मुळाशी ही कुजविलेली मतेच होती. मतदारांना मत वाया घालविण्यास शिकविणे हा त्यांच्या दृष्टीने गैरप्रकार होता. ज्याने मुंबईत ही तक्रार केली त्याला भंडाऱ्यात तीच युक्ती आपल्या अनुयायांना सांगता येणार नव्हती.

मे १९५४ मध्ये निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब ८,३८१ मतांनी पडले. जोडीतला एक आला आणि एक पडला. याचा अर्थ एकच लावावा लागतो : आंबेडकरांच्या अनुयायांची दुसरी मतपत्रिका मेहतांच्या पेटीत गेली, पण मेहतांना मत देणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात दुसऱ्या पत्रिकेच्या वेळी आंबेडकरांच्या पेटीकडे वळले नाहीत. मतदानाची गुप्तता राखण्यासाठी पेट्या पडद्याआड ठेवलेल्या असत. पडद्यामागे माणूस एकटा असतो आणि तेथे त्याची जात त्याच्याबरोबर असते. बोरकर यांचे कर्तृत्व आम्ही कमी लेखीत नाही, त्यांच्यामागे काँग्रेसची जिल्हाभर पसरलेली यंत्रणा होती हेही खरे. तरीही भंडाऱ्याने त्या दिवशी काय नाकारले याचा हिशेब भंडाऱ्यानेच मांडावयास हवा.

बोरकरांना पुरता काळ लाभला नाही. त्यांच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत अनुसयाबाई बोरकर निवडून आल्या. १९५२ ते १९५५ एवढ्या अवधीत या एका मतदारसंघाने पाच माणसे लोकसभेत पाठविली. एवढ्या धामधुमीत तळ्यांचे आणि धानाचे गाऱ्हाणे कोणी सलग मांडावे तरी कसे?

तशात एक घटनात्मक अडचणही आहे, ती पारावरच्या चर्चेत येत नाही. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. मालगुजारांनी आणि कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेली तळी १९५१ साली मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाली, आणि त्यांची पाळ कोणी दुरुस्त करावयाची हा प्रश्न गावापुढे पडला. पण जमीन आणि पाणी हे घटनेने राज्यांच्या सूचीत घातलेले विषय आहेत. त्यांची दाद नागपूरला, पुढे मुंबईला मागावयाची. दिल्लीच्या हाती होते ते निराळे : गोंदियाची रेल्वे, तुमसरकडच्या खाणींतून निघणारे मँगनीज, आणि तंबाखूवरचा उत्पादनकर. हा कर १९४३ पासून मध्यवर्ती सरकार घेत आले होते. घराच्या ओसरीवर तेंदूच्या पानात तंबाखू भरून विड्या वळणारी बाई दिल्लीच्या तिजोरीत भर घालीत होती. पण तिच्या मजुरीचा, कामाच्या तासांचा विचार करणारा विडी-सिगार कामगारांचा कायदा संसदेने केला तो १९६६ साली. कर आणि कायदा यांच्यामध्ये तेवीस वर्षे गेली. म्हणून म्हणतो, सभासदाने भंडाऱ्याचे नाव किती वेळा घेतले हे मोजून भागत नाही. विडीवरचे प्रत्येक भाषण, ते कोठल्याही प्रांताच्या सभासदाने केले असले तरी, भंडाऱ्याचेच भाषण होते.

भंडाऱ्याने लोकसभेत पाठविले नाही म्हणून बाबासाहेब गप्प बसले नाहीत. १९५२ पासून ते मुंबई राज्याच्या वतीने राज्यसभेचे सभासद होते आणि शेवटपर्यंत राहिले. पराभवाला चार महिनेही झाले नव्हते, तोच २६ ऑगस्ट १९५४ रोजी त्यांनी परराष्ट्रधोरणावर भाषण केले. पंचशीलाची त्या दिवसांत देशभर वाहवा चालली होती. बाबासाहेबांनी विचारले की, माओंची पंचशीलावर श्रद्धा असेल तर त्यांच्याच देशातील बौद्धांना ते असे का वागवितात? ल्हासा चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची सीमा आपल्या सीमेला आणून भिडविली, हाही इशारा त्यांनी दिला. गोव्याबाबत सरकारने वेळीच पाऊल उचलले असते तर थोडक्यात काम झाले असते, असे त्यांचे म्हणणे होते. १९६१ साली गोवा सैन्य पाठवून घ्यावा लागला आणि १९६२ साली हिमालयात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गोंदिया-तुमसरच्या घरांतून सैन्यात गेलेल्या मुलांच्या आईबापांना हा विषय परका होता, असे कोण म्हणेल?

पुढच्याच महिन्यात अस्पृश्यता गुन्हा विधेयक राज्यसभेत आले. गृहमंत्री कैलासनाथ काटजू यांना शिक्षा सौम्य असाव्यात असे वाटत होते. बाबासाहेबांनी त्या दयाबुद्धीची चांगलीच थट्टा केली. सहा महिन्यांची कैद किंवा पाचशे रुपये दंड एवढ्यावर कायदा थांबला. पण त्यांचा एक आक्षेप विधेयकाच्या नावालाच होता. अस्पृश्यतेचा गुन्हा असे नाव ठेवले की लक्ष गुन्हेगाराकडे जाते, आणि सगळा प्रकार एखाद्या वाईट चालीला आळा घालण्यासारखा दिसतो. ज्याला विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही तो दयेचा विषय नाही, त्याचा नागरिक म्हणून हक्क हिरावला गेला आहे. तेव्हा कायद्याच्या नावात नागरी हक्कांच्या संरक्षणाचा उल्लेख असावा, असे त्यांनी सुचविले. सूचना मान्य झाली नाही. १९५५ साली कायदा जुन्याच नावाने आला. साकोली किंवा पवनीच्या एखाद्या खेड्यातील माणसाच्या हाती त्यातून जे काही आले, ते त्याच्या मतदारसंघाने नाकारलेल्या माणसाच्या भाषणाशी अधिक जवळचे होते, की त्याने निवडून दिलेल्यांच्या, हे श्रोत्यांनी ठरवावे.

अशोक मेहतांचे काय झाले, हे सांगितल्याखेरीज कथा पुरी होत नाही. ते अर्थशास्त्राचे माणूस. १९५७ साली ते बिहारमधील मुजफ्फरपूरहून लोकसभेत गेले, आणि त्याच वर्षी अन्नधान्य चौकशी समितीचे अध्यक्ष झाले. धान्याचे भाव स्थिर राखण्यासाठी सरकारने खरेदी-विक्री करणारी स्वतंत्र यंत्रणा उभारावी, अशी शिफारस त्या समितीने केली. भाताच्या जिल्ह्याला यापेक्षा जवळचा विषय कोणता? पण तो हाताळताना मेहता भंडाऱ्याचे सभासद राहिले नव्हते, हा योगायोग गमतीचा खरा. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि १९६७ मध्ये पुन्हा भंडाऱ्याहूनच निवडून आले. या वेळी काँग्रेसचे उमेदवार आणि केंद्रीय मंत्री म्हणून.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएट रणगाडे प्रागमध्ये शिरले. सुरक्षा समितीत भारताने निषेधाच्या ठरावावर मत दिले नाही, तटस्थ राहिला. मेहतांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले तेव्हा महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. तो आपल्या घरचा प्रश्न होता. चेकोस्लोव्हाकियासाठी भंडाऱ्याच्या खासदाराने खुर्ची सोडली याची तशी आठवण भंडाऱ्यात कोणी ठेवलेली आमच्या ऐकिवात नाही. ती ठेवावी, असे आम्हांस वाटते. जवानांच्या कँटीनमध्ये विड्या विकण्यात हितसंबंध गुंतला म्हणून ज्या मतदारसंघाची निवडणूक रद्द झाली, त्याच मतदारसंघाचा एक सभासद दूरदेशीच्या एका लहान राष्ट्रासाठी सत्तेबाहेर गेला.

तोपर्यंत दोन मतांची पद्धतही गेली होती. १९५७ मध्ये भंडाऱ्याने रामचंद्र हजरनवीस आणि बाळकृष्ण वासनिक या दोघांना पाठविले, ती अखेरची जोडी. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले आणि १९६२ साली भंडाऱ्याच्या मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका आली.

अस्पृश्यता गुन्हा कायद्याची दुरुस्ती संसदेने १९७६ साली केली. शिक्षा वाढविल्या आणि त्याबरोबर नावही बदलले. तेव्हापासून त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात.