धाराशिवला जायचं कसं? (आणि गेल्यावर फिरायचं कसं?)

ऑफिसात कुणी तुळजापूरला निघालं की हमखास विचारतं, "रेल्वे कुठपर्यंत जाते रे?" आणि नकाशा उघडला की गोंधळ सुरू. देवी तुळजापूरला, रेल्वे स्टेशन धाराशिवला, सोयीचं मोठं जंक्शन सोलापूरला. एखाद्या जुन्या सिस्टीमचा कोड वाचताना जसं "हे असं का केलंय?" वाटतं, तसंच काहीसं. अशा वेळी जुना इतिहास चाळावा, म्हणजे 'असं का' ते कळतं. तर या वीकेंडला तोच उद्योग.

सुरुवात बरीच मागे, तेरपासून. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर असल्याची नोंद आहे. इथलं कापड, मलमल वगैरे माल गाड्यांमध्ये भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जायचा. म्हणजे रोमन लोकांशी व्यापार होता, पण रस्ता नव्हता! माल उत्तम आणि वाट अवघड, ही इथली तक्रार दोन हजार वर्षं जुनी आहे.

आता एकदम १८९७ मध्ये येऊ. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रेल्वे सुरू केली. हीच ती बार्शी लाइट रेल्वे. पठ्ठ्याचं डिझाइन बघण्यासारखं आहे. त्याने एकच अट घालून घेतली: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. मग हलके रूळ चालतात, पूल स्वस्त पडतात आणि रूळमार्ग टाकायचा खर्चही खाली येतो. एक मर्यादा नीट पकडली की बाकीचं डिझाइन आपोआप सुटत जातं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

ही गाडी कशासाठी होती? बार्शीच्या कापसाच्या बाजारासाठी आणि पुढे पंढरपूरच्या यात्रेकरूंसाठी. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९०७ मध्ये तडवळ्याला, १९११ मध्ये लातूरला. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, तर तडवळे आणि लातूर निजामाच्या राज्यात. आणि गंमत म्हणजे त्या काळी लातूरही याच जिल्ह्यात होतं (वेगळा लातूर जिल्हा १९८२ चा). गाडी येडशीवरून, कळंब रोडवरून, तडवळ्यावरून लातूरच्या बाजारपेठेला गेली, पण जिल्ह्याचं मुख्य ठिकाण तिने बाजूलाच ठेवलं. कचेरी होती, कोर्ट होतं, पण मोठा बाजार लातूरला. रूळ बाजाराकडे गेले.

याचा अर्थ काय झाला असेल बघा. कोर्टाच्या तारखेला येणाऱ्या माणसाने गाडीने येडशीला उतरायचं आणि पुढचे वीसेक किलोमीटर आपलं आपण बघायचं. उलट, छोट्या तडवळ्याला मात्र स्टेशन! फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या महार-मांग वतनदार परिषदेला आले, ती याच कसबे तडवळ्यात भरली होती.

रेल्वे नव्हती तिथे रस्ता कामाला आला. निजाम सरकारने १९३२ मध्ये आपल्या रेल्वे खात्यातच मोटारसेवा सुरू केली, २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी एवढ्यावर. इकडे मुंबई प्रांतात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली, तेव्हा हा जिल्हा अजून निजामाकडेच होता. तीनच महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय सैन्य सोलापूर-हैदराबाद रस्त्याने आत शिरलं. पहिली चकमक नळदुर्गला झाली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला. तो पूल उडवला गेला असता तर सैन्याची वाटचाल नक्कीच रखडली असती. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये आजचं एसटी महामंडळ उभं राहिलं. तेव्हापासून या जिल्ह्याची खरी 'लोकल' म्हणजे लाल गाडीच.

बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने घेतली आणि नंतरही ती बरीच वर्षं तशीच डुलत चालत राहिली. मग ब्रॉडगेजचं काम आलं, आणि या वेळी मार्गच वळवून शहरापर्यंत आणला. लातूर ते उस्मानाबाद २००७ मध्ये सुरू झालं, पुढे कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये. म्हणजे लातूरला गाडी पोचल्यावर जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळायला ९६ वर्षं लागली! (शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालं, स्टेशनचं २०२५ मध्ये. जुनी तिकिटं जपून ठेवली असतील तर नाव बघा.)

तर आता जाणाऱ्यांसाठी. मुंबई-पुण्याहून रेल्वेने धाराशिवला उतरता येतं, पण स्टेशन गावापासून लांब आहे, तेव्हा रिक्षाचं भाडं आधी ठरवा. एसटी स्टँडवर पोचलात की जिल्हा तुमचा. तुळजापूर अर्ध्या-पाऊण तासावर. तेरलाही एसटी जाते, आणि तिथलं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय चुकवू नका. धाराशिव लेणी गावापासून सात-आठ किलोमीटरवर, तिथे रिक्षा करून जावं आणि तीच थांबवून ठेवावी. नळदुर्ग सोलापूरहून सोपं, परंडा बार्शीहून. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. आई-आजीला घेऊन जायला याहून चांगलं निमित्त नाही. फक्त कोजागरीच्या सुमारास जाणार असाल तर जरा चौकशी करून निघा. सोलापूरहून लाखो लोक पायी चालत तुळजापूरला येतात आणि वाहतूक दुसरीकडे वळवलेली असते. सगळ्यात जुनं वाहन ते, आपले दोन पाय. त्यांना वाट द्यायलाच हवी.

२०१९ च्या जानेवारीत सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या साधारण ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची मंजुरी जाहीर झाली. तो मार्ग व्हायलाच हवा. पण मला विचाराल तर रुळांइतकीच काळजी स्टेशनच्या दारापासून पुढच्या पाच किलोमीटरची करायला हवी. तगरच्या गाडीवानाचं अडलं ते रस्त्यावर, कोर्टाच्या तारखेला आलेल्या माणसाचं येडशीला. मोठा प्रवास कुणीतरी नेहमीच सोपा करतं, शेवटचा तुकडा मात्र ज्याचा त्याने बघायचा. निदान या वेळी स्टेशनच्या दारात वेळेवर सुटणारी एक एसटी उभी असावी, एवढीच अपेक्षा.