तारकागुच्छ, महाकाय : कणप्रवेगक म्हणून गॅमा निरीक्षणे

महाकाय ताऱ्यांच्या तरुण गुच्छांभोवती विद्युत्भारित कणांना प्रचंड ऊर्जा मिळते, हे तेथून येणाऱ्या गॅमा किरणांवरून दिसते. आकाशगंगेतील विश्वकिरणांचा (म्हणजे अशा वेगवान कणांचा) काही भाग अशा गुच्छांत निर्माण होत असावा. पूर्वी त्यांचा उगम मुख्यतः सुपरनोव्हांच्या अवशेषांत मानला जाई. परंतु विश्वकिरणांच्या ऊर्जा-वर्णपटाला सुमारे ३ पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टपाशी बाक येतो (१ पेटा = दहा लाख अब्ज), म्हणजे आकाशगंगेतील उगमांनी कणांना तेथपर्यंत ऊर्जा द्यायला हवी; पण बहुतेक अवशेषांतील गॅमा किरण इतक्या ऊर्जेच्या कणांची साक्ष देत नाहीत.

प्रवेगाची क्रिया : ओ-वर्गीय व वुल्फ-राये या महाकाय ताऱ्यांचे वारे सेकंदाला २,००० ते ३,००० किमी. वेगाने वाहतात. दाट गुच्छात ते एकवटतात व बाहेरच्या वायूमुळे जेथे अडतात तेथे आघाततरंग तयार होतो. चुंबकीय क्षेत्रातील खळबळीमुळे कण हा तरंग पुनःपुन्हा ओलांडतात. प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा वाढते. ही क्रिया लाखो वर्षे चालते. विश्वकिरणांत निऑन-२२ चे निऑन-२० शी असलेले प्रमाण सूर्यमालेतल्यापेक्षा सुमारे पाचपट आहे. वुल्फ-राये ताऱ्यांच्या वाऱ्यांत निऑन-२२ विपुल असल्याने ही बाब गुच्छांच्या बाजूने जाते.

भारित कणांचे मार्ग चुंबकीय क्षेत्रात वळतात, म्हणून त्यांच्या दिशेवरून उगम कळत नाही. गॅमा किरण मात्र सरळ येतात. ते दोन प्रकारे निर्माण होतात. प्रोटॉन वायूवर आदळला की उदासीन पायॉन बनतो व त्याचे दोन गॅमा फोटॉन होतात. वेगवान इलेक्ट्रॉनही प्रकाशकणांना धडकून त्यांना गॅमा ऊर्जेपर्यंत नेतात.

प्रमुख निरीक्षणे : हंस तारकासमूहातील सिग्नस ओबी-२ हा सुमारे ४,५०० प्रकाशवर्षांवरचा तारकासंघ होय. त्याच्या परिसरातील गॅमा कोश फर्मी उपग्रहाने शोधला (२०११). मेक्सिकोतील हॉक वेधशाळेला तेथून १०० टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे किरण आढळले (२०२१). चीनमधील ल्हासो वेधशाळेने २०२४ मध्ये तेथील विशाल बुडबुड्यातून २.५ पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे फोटॉन नोंदवले. त्यांना जन्म देणाऱ्या प्रोटॉनांची ऊर्जा १० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे असावी लागते. मात्र हा संघ विरळ असल्याने त्यातील वारे एकवटतात का, यावर मतभेद आहेत.

वेस्टरलुंड-१ हा बेंग्ट वेस्टरलुंड यांनी १९६१ मध्ये शोधलेला अतिशय दाट गुच्छ. नामिबियातील हेस दुर्बिणींच्या २०२२ मधील नकाशात त्याच्याभोवती गॅमा उत्सर्जनाचे कडे दिसते. ऊर्जा बदलली तरी कड्याचा आकार तोच राहतो, आणि वायूच्या ढगांशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून काही प्रतिमानांत हे किरण इलेक्ट्रॉनांचे मानले जातात. मोठ्या मॅगेलनी मेघातील आर-१३६ गुच्छाकडूनही हेसने गॅमा किरण टिपले आहेत (२०२४).

गॅमा किरणांचा उगम प्रोटॉनांत की इलेक्ट्रॉनांत, हा यातील मुख्य प्रश्न आहे. त्याच्या निर्णयासाठी कड्यांची अधिक बारीक चित्रे लागतात. ला पाल्मा व चिली येथे उभारली जात असलेली चेरेनकोव्ह दुर्बीणमाला ती देऊ शकेल.