हीलियम-वाणी
हीलियम वायू श्वासावाटे घेऊन बोलले असता येणारा चिरका, बदकासारखा आवाज. हीलियमाची घनता हवेच्या सु. १/७ असून त्यात ध्वनीचा वेग जवळजवळ तिप्पट असतो. त्यामुळे स्वरतंतूंच्या कंपनांत फारसा फरक न पडताही घसा व मुख यांच्या पोकळीतील अनुस्पंदन-कंप्रता वाढतात. मूळ स्वरच चढतो, हा रूढ समज बरोबर नाही.

फुग्यांमुळे घरोघरी पोहोचलेली ही गंमत खोल समुद्रात अडचण ठरली. दाबाखालील नायट्रोजनाने पाणबुड्यांना गुंगी येते, म्हणून त्याऐवजी हीलियम वापरतात. अमेरिकन नौदलाच्या सीलॅब-२ या सागरतळावरील निवासात (१९६५, खोली सु. ६२ मी.) अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर ३० दिवस राहिले. नंतर दाब उतरविण्याच्या कोठीतून त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याशी दूरध्वनीवरून केलेले संभाषण ध्वनिमुद्रित आहे. त्यात कार्पेंटर यांचे शब्द कळणे अवघड जाते. जॉन्सन मात्र काहीच वावगे नसल्याप्रमाणे त्यांचे अभिनंदन करतात. अशी वाणी सुबोध करणारी इलेक्ट्रॉनीय साधने पुढे वापरात आली.

कार्पेंटर सुखरूप राहिले, ते मिश्रणात मोजून ठेवलेल्या ऑक्सिजनामुळे. शुद्ध हीलियमात तो नसतो. श्वासाची ओढ मुख्यतः रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे लागते व तो तर उच्छ्‌वासातून बाहेर पडतच राहतो. परिणामी गुदमरल्याची जाणीव न होताच काही श्वासांत शुद्ध हरपून मृत्यू येऊ शकतो. अक्रिय व निर्विष म्हणून निर्धोक, हे अनुमान येथेच फसते. दाबयुक्त सिलिंडरमधून वायू थेट ओढल्यास फुप्फुसे फाटून त्याचे बुडबुडे रक्तप्रवाहात शिरू शकतात; हीलियमाच्या या खेळात लहान मुलेही दगावली आहेत.