आधी तोंड मऊ होतं, मग कळा

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात कुठल्याही प्रसूतिगृहाबाहेर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "डॉक्टर, इंजेक्शन द्या ना, पोरगी लवकर मोकळी होऊ दे." हे इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. ते कळा वाढवतं. पण कळांनी जे उघडायचं, ते गर्भाशयाचं तोंडच तयार नसेल तर? वैद्यकाला कळांचं औषध आधी सापडलं, तोंड मऊ कसं होतं हे फार उशिरा उमगलं. आज आपण हाच इतिहास पाहू.

१९०६ साली हेन्री डेल यांना दिसलं, की पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागाच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावतं. तीनच वर्षांत ब्लेअर-बेल यांनी तो अर्क स्त्रियांसाठी वापरला. मात्रेचा नेम नव्हता. गर्भाशय फाटण्याचे प्रकारही झाले. १९५३ साली द्यु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं.

दुसरा धागा १९२६ चा. फ्रेडरिक हिसॉ यांनी गाभण प्राण्यांच्या रक्तातला द्रव गिनीपिगना टोचला, तर त्यांच्या कटीचे सांधे सैल पडले. पुढे या द्रव्याला रिलॅक्सिन म्हणू लागले. म्हणजे बाळंतपणात शरीर फक्त ढकलत नाही, वाटही मोकळी करतं.

गर्भाशयाचं तोंड मुख्यतः स्नायूचं नसतं, कोलॅजनच्या घट्ट धाग्यांचं असतं. प्रोजेस्टेरॉन ते नऊ महिने मिटलेलं ठेवतं. शेवटी माणसात या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण फारसं घटत नाही, त्याचा प्रभाव ओसरतो. मग प्रोस्टाग्लँडिन कामाला लागतात, धागे सुटे होतात, पाणी वाढतं, तोंड फळासारखं पिकतं.

१९६४ साली एडवर्ड बिशप यांनी तपासणीला गुण दिले. पाच बाबींपैकी चार गर्भाशयाच्या तोंडाच्या, आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय ही एकच! १९६८ मध्ये युगांडातल्या कंपालात सुलतान करीम यांनी कळा सुरू करण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन वापरलं. तोंड मऊ करणारी जेल आणि गोळ्या त्यानंतरच्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९८१ साली तिच्या भागीदारीतून बंगळुरूत कर्नाटक अँटिबायोटिक्स निघाली. दुभत्या जनावरांवर ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या वापरासाठी ते बनवायचं काम या एकाच सरकारी कंपनीकडे द्यायचं ठरवलं. टंचाई झाली तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कशाने थांबवायचा, ही डॉक्टरांची भीती होती. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

गोठ्यापासून न्यायालयापर्यंत गाजलं ते कळांचं औषध. तोंड मऊ करणाऱ्या द्रव्यांचं नाव मात्र घराघरांत पोचलेलं नाही. न पिकलेल्या तोंडावर नुसत्या कळा लादल्या, तर आई थकते, बाळ गुदमरू शकतं. म्हणून पुढच्या वेळी प्रसूतिगृहाबाहेर उभे असू, तेव्हा "इंजेक्शन कधी देणार?" याआधी आपण विचारू या, "तोंड मऊ झालंय का?"