सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट दुखतंय? तपासणीला जाण्याआधी हे वाचा

आमच्या चुलत्यांचं पोट वर्षभर दुखत होतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळ्या आणून खायची त्यांना सवय. तीन ठिकाणी तीन वेळा सोनोग्राफी केली, तिन्ही रिपोर्ट नॉर्मल. ‘मशीनमध्ये काही निघालं नाही’ म्हणून घरचे निवांत. मग एक दिवस शौचाला डांबरासारखी काळी झाली आणि चक्कर येऊन ते बांधावरच पडले. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीने तपासलं, तेव्हा जठरात रक्त वाहणारी जखम सापडली. अल्सर.

सोनोग्राफीचा रिपोर्ट खोटा नव्हता. पण जठराच्या आतली जखम सहसा सोनोग्राफीत दिसतच नाही. म्हणून कोणती तपासणी काय दाखवते, हे आपल्याला माहीत पाहिजे.

कोणत्या तपासणीत काय दिसतं?

सोनोग्राफी : ही आवाजाच्या लहरींवर चालते, किरण नसतात. पित्ताशयातले खडे, लिव्हर, मुतखडा, अपेंडिक्सची सूज यासाठी चांगली. पण पोटात गॅस असला की मागचं दिसत नाही.

एक्स-रे : आतडं अडकलंय का किंवा जठर-आतड्याला छिद्र पडलंय का, हे तातडीने बघायला उपयोगी.

बेरियम : खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढतात. अन्ननलिका किंवा आतडं कुठं अरुंद झालंय ते कळतं. छिद्राचा संशय असेल तर बेरियम देत नाहीत. नंतर दोन-तीन दिवस शौचाला पांढरी होते, घाबरू नका. भरपूर पाणी प्या, नाहीतर बद्धकोष्ठ होतं.

सीटी स्कॅन : गाठ, सूज, स्वादुपिंडाचा आजार, आतड्याचा अडथळा बारकाईने दिसतो. मात्र साध्या एक्स-रेपेक्षा यात किरण बरेच जास्त. म्हणून ‘एकदा सीटी काढून टाका’ असा हट्ट डॉक्टरकडे धरू नये.

एमआरआय : यात चुंबक असतं, किरण नसतात. पित्तनळीतला खडा किंवा अडथळा बघायला एमआरसीपी नावाचा प्रकार करतात.

दुर्बीण : तोंडातून किंवा शौचाच्या वाटेने नळी घालून आतली बाजू प्रत्यक्ष बघतात. अल्सर, रक्तस्राव, सुरुवातीची गाठ यासाठी हीच खात्रीची. गरज पडली तर तिथूनच तुकडा काढून तपासायला पाठवतात.

जाण्याआधीची तयारी

पोटाच्या सोनोग्राफीला साधारण सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं. एसटी स्टँडवरचा घोटभर चहासुद्धा नको. दुधाने पित्ताशय आकसतं, मग खडे नीट दिसत नाहीत आणि हेलपाटा वाया जातो. बिडी, तंबाखू, मिश्रीही नको. लघवी रोखून यायला सांगितलं असेल तर पाणी पिऊन जा. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीआधी पोट साफ करायचं औषध देतात, ते सांगितलंय तेवढं पूर्ण घ्या. पोट साफ नसेल तर तपासणी अर्धवट राहते.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी ते घ्यायचं का, हे आदल्या दिवशीच विचारा.

या गोष्टी लपवू नका

• दिवस गेलेत किंवा तशी शंका आहे. एक्स-रे आणि सीटीच्या आधी हे सांगायलाच पाहिजे.
• किडनीचा त्रास आहे किंवा मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. सीटीत शिरेतून औषध देतात, त्याआधी बहुतेक वेळा क्रिएटिनिन तपासतात.
• आधी अशा औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या किंवा दम लागला होता.
• अंगात पेसमेकर किंवा धातू आहे. एमआरआयच्या आधी हे फार महत्त्वाचं.
• रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दुर्बिणीच्या आधी सांगा.
• नुकतंच बेरियम घेतलंय. पोटात उरलेल्या बेरियमने सीटीचं चित्र बिघडतं.

खर्चाचं काय?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. म्हणून आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठा.

जुन्या फिल्म आणि रिपोर्ट फेकू नका. एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून दर वेळी सोबत न्या. तीच तपासणी पुन्हा करायची वेळ टळू शकते.

थांबू नका

काळी किंवा रक्ताची शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, डोळे पिवळे होणं, पोट दगडासारखं कडक होऊन वारा न सरणं. यातलं एकही दिसलं तर जुना नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्रास तसाच असेल, तर सरळ विचारा, “डॉक्टर, या तपासणीत न दिसणारं काही असू शकतं का?”

चुलते आता बरे आहेत. गुडघ्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरला विचारूनच घेतात.